भोंगा थांबला, गाणं चालू राहिलं

१९६३ साली लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर शनिवारी सामना असला, की माणसं दुपारचं जेवण घाईघाईनं उरकून आत येऊन उभी राहायची. सामना तीनला. पण गोलपोस्टमागच्या ‘कॉप’मध्ये मनासारखी जागा हवी तर लवकर येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कॉप म्हणजे एक भलामोठा उतरता स्टँड. खुर्ची एकही नाही. नुसत्या पायऱ्या, मधूनमधून लोखंडी कठडे, वर छप्पर आणि त्याखाली २८ हजारांच्या आसपास माणसं. गोदीतले हमाल, कारखान्यातले कामगार, शाळा संपवून नुकतीच कामाला लागलेली पोरं. खांद्याला खांदा इतका घट्ट, की खिशातला हात बाहेर काढायचा तरी शेजाऱ्यानं थोडं सरकायला हवं.

एवढ्या माणसांनी तास-दीड तास करायचं काय? मैदानावरचा लाऊडस्पीकर त्यासाठीच होता. त्या आठवड्यात खपाच्या यादीत वर असलेली दहा गाणी उलट्या क्रमानं लावली जायची. दहावं, नववं, आठवं असं करत पहिल्या क्रमांकाचं गाणं सगळ्यात शेवटी, खेळाडू बाहेर यायच्या अगदी तोंडावर. आणि १९६३ साल असं होतं, की या यादीच्या डोक्यावर लिव्हरपूलचीच पोरं बसलेली असायची. बीटल्स याच गावचे. जेरी मार्सडेन आणि त्याचे ‘पेसमेकर्स’ याच गावचे. शेजारच्या गल्लीत वाढलेल्या पोराचा आवाज देशभर वाजतोय म्हटल्यावर कॉपमधली माणसं त्याच्याबरोबर गाऊ लागली, यात नवल काहीच नव्हतं.

ऑक्टोबर संपता संपता मार्सडेनचं एक संथ गाणं यादीत पहिलं आलं आणि चार आठवडे तिथंच राहिलं. ‘यूल नेव्हर वॉक अलोन’. म्हणजे, तुला कधीच एकट्यानं चालावं लागणार नाही. त्या आठवड्यांत घरच्या मैदानावर सामना असला, की त्याआधीचं शेवटचं गाणं तेच. मग बीटल्सचं ‘शी लव्ह्ज यू’ पुन्हा वर चढलं, मार्सडेनची तबकडी खाली सरकत गेली आणि एके दिवशी पहिल्या दहातून बाहेर पडली. ठरल्या रिवाजाप्रमाणे लाऊडस्पीकरवर ती लागली नाही. तेव्हा कॉपमधून आरडाओरडा सुरू झाला, की आमचं गाणं कुठं गेलं? ही हकिकत मार्सडेन स्वतः पुढे आयुष्यभर सांगत असे. तबकडी लागो न लागो, माणसं ते गाणं आपलं आपण म्हणू लागली.

या सगळ्या इतिहासात मला हाच क्षण मोलाचा वाटतो. लावलेलं गाणं ऐकणं किंवा त्याच्या सुरात सूर मिसळणं कोणालाही जमतं. पण गाणं बंद झालं आणि लोकांना त्याची उणीव भासली, तिथं ते गाणं गायकाचं आणि कंपनीचं राहिलं नाही. या परंपरेला मुहूर्त नाही, ठराव नाही, कुणा पदाधिकाऱ्याची सही नाही. क्लबनं ते निवडलं नाही. ते एका रिकाम्या जागेतून आलं.

*

गाणं तिथवर आलं कसं, ही गोष्ट तर फारच दूरवरून सुरू होते. १९०९ साली बुडापेस्टमध्ये फेरेन्क मोल्नार या हंगेरियन नाटककाराचं ‘लिलिओम’ रंगमंचावर आलं. जत्रेतल्या चक्रीवर माणसं बोलावणारा एक तापट, दांडगट तरुण, त्याच्यावर जीव टाकणारी साधी मोलकरीण, तिला दिवस गेलेले, पैशासाठी केलेला फसलेला दरोडा आणि पकडलं जाण्याआधी त्यानं स्वतःच्याच छातीत खुपसलेला सुरा. मेल्यावर १६ वर्षांनी त्याला एका दिवसासाठी पृथ्वीवर सोडतात आणि तिथंही तो आपल्या मुलीवर हात उचलतो. बुडापेस्टच्या प्रेक्षकांना पहिल्यांदा हे पचलं नाही. नाटक पडलं. पुढं व्हिएन्नात आणि मग १९२१ मध्ये न्यूयॉर्कला ते उचललं गेलं.

न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टाइन या संगीतकार-गीतकार जोडीनं १९४५ साली त्याचं संगीत नाटक केलं, ‘कॅरोसेल’. बुडापेस्टची जत्रा अमेरिकेच्या मेन प्रांतातल्या समुद्रकिनाऱ्यावर आणली. नायक बिली बिगेलो इथंही मरतो, पण शेवट त्यांनी बदलला. मुलीच्या मनात थोडी उभारी येते आणि मगच पडदा पडतो. मोल्नार तेव्हा युद्धामुळे परागंदा होऊन न्यूयॉर्कमध्येच राहत होता. त्याला हा बदल आवडला.

त्या बदलासाठीच हे गाणं लागलं. बिलीचं प्रेत समोर आहे, बायको ज्यूली सुन्न बसली आहे आणि तिची नातलग नेटी तिला जवळ घेऊन हे गाते. पुढं नाटकाच्या अगदी शेवटी, मुलीच्या शाळेच्या पदवीदान समारंभात तेच गाणं सगळे मिळून म्हणतात. म्हणजे आधी एका विधवेच्या कानाशी आणि मग समुदायाच्या तोंडी. लिव्हरपूलमध्ये पुढं जे घडलं त्याचा क्रम जणू नाटकातच लिहून ठेवला होता.

प्रयोग सुरू झाला १९ एप्रिल १९४५ ला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट जाऊन एक आठवडा झाला होता. युरोपातलं युद्ध संपायला अजून तीन आठवडे होते. प्रेक्षागृहातल्या किती बायकांचा नवरा, किती आयांचा मुलगा त्या रात्री आघाडीवर होता, याचा विचार केला की या साध्यासुध्या सांत्वनाचं वजन कळतं. प्रयोग ८९० झाले. १९५० मध्ये नाटक लंडनला गेलं, १९५६ मध्ये त्याचा चित्रपट निघाला.

तो चित्रपट लिव्हरपूलच्या एका थिएटरात पाहणाऱ्या पोरांत जेरी मार्सडेन होता. तो सांगायचा, की आपण गेलो होतो लॉरेल-हार्डी पाहायला, आणि ‘कॅरोसेल’ त्याच खेळात जोडीला लागला होता. गाणं डोक्यात बसलं ते बसलंच. १९६३ मध्ये त्याची पहिली दोन गाणी ओळीनं पहिल्या क्रमांकावर गेली. दोन्ही उडती, टाळ्या वाजवायला लावणारी. तिसरं हे हवं असा त्यानं धोशा लावला. व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन आणि निर्माता जॉर्ज मार्टिन, म्हणजे बीटल्सना घडवणारीच दोन माणसं, त्यांना ते फार संथ वाटत होतं. पोरींना नाचता येणार नाही असलं नाटकातलं गाणं कोण घेणार? मार्सडेन हटला नाही. अखेर मार्टिननं त्यावर व्हायोलिनांचा ताफा चढवला आणि गाणं ध्वनिमुद्रित झालं. तेव्हा मार्सडेन जेमतेम विशीचा होता.

हॅमरस्टाइन १९६० साली वारला होता. आपल्या शब्दांचं पुढं काय झालं, हे त्याला कळायचा संभवच नव्हता.

*

आता थोडं कॉपविषयी, कारण हे नाव आपल्यालाही परकं नाही.

दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात ‘स्पिऑन कॉप’ नावाची एक टेकडी आहे. डच वळणाच्या तिथल्या भाषेत याचा अर्थ टेहळणीची टेकडी. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात ती काबीज करायला ब्रिटिश फौज रात्री वर चढली आणि उजाडल्यावर तिन्ही बाजूंच्या बोअर तोफांखाली सापडली. लँकशायरच्या, म्हणजे लिव्हरपूलच्याच मुलखातल्या पलटणी त्यात कापल्या गेल्या. १९०६ मध्ये लिव्हरपूल क्लबनं गोलमागं मातीचा उंच भराव घालून प्रेक्षकांसाठी पायऱ्या बांधल्या, तेव्हा गावातल्या एका वृत्तपत्राच्या क्रीडा संपादकानं त्याला या टेकडीचं नाव सुचवलं. गावातल्या ज्या घरांतली पोरं परत आली नव्हती, त्यांना ते नाव रोज ऐकू येणार होतं.

त्याच टेकडीच्या पायथ्याशी जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्यांत नाताळमधल्या हिंदी लोकांचं शुश्रूषापथक होतं. ते उभं केलं होतं तिशीतल्या एका वकिलानं, मोहनदास गांधींनी. पथकात सुमारे अकराशे माणसं होती, त्यातली बरीचशी ऊसमळ्यांवरचे गिरमिटिये मजूर. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे, की जखमींना खांद्यावर घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालावं लागे. फुटबॉलशी याचा काही संबंध नाही, हे मला मान्य आहे. पण एकटं चालावं लागणार नाही असं सांगणारं गाणं ज्या जागेवर रुजलं, तिचं नाव अशा टेकडीवरून यावं जिथं परकी माणसं जखमी परक्यांना खांद्यावरून वाहून नेत होती, हा योग माझ्या मनातून जात नाही.

*

कॉपचं गाणं बाहेरच्या जगानं पाहिलं ते १८ एप्रिल १९६४ ला. त्या दिवशी लिव्हरपूलनं आर्सेनलला ५-० असं हरवून लीगचं विजेतेपद पक्कं केलं. बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमाचे कॅमेरे मात्र खेळाकडे पाठ करून कॉपवर रोखलेले होते. ती कृष्णधवल फीत आजही पाहायला मिळते. टाय लावलेले, केस नीट विंचरलेले तरुण, मध्येच तोंडात दात नसलेला एखादा म्हातारा आणि सगळी गर्दी वाऱ्यावर डोलणाऱ्या जोंधळ्याच्या शेतासारखी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकणारी. गातायत बीटल्सचं ‘शी लव्ह्ज यू’, सिला ब्लॅकचं गाजलेलं प्रेमगीत. बायकी गाणं म्हणून कुणी लाजत नाही. निवेदक चकित होऊन म्हणतो, की मानववंशशास्त्रज्ञाला इथं दूरच्या एखाद्या बेटाइतकीच समृद्ध आणि गूढ लोकसंस्कृती सापडेल.

म्हणजे १९६४ मध्ये कॉप पुष्कळ गाणी गात होता. मग बाकीची विरली आणि हे एकच का उरलं?

एक कारण लयीत आहे. मैदानाची लांबी सुमारे शंभर मीटर. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. म्हणजे एका टोकाचा सूर दुसऱ्या टोकाला पोहोचायला जवळपास सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. ‘शी लव्ह्ज यू’सारख्या द्रुत गाण्यात तेवढ्यात जवळपास एक मात्रा निघून जाते आणि इकडचे पुढं, तिकडचे मागं असा गोंधळ होतो. संथ गाण्यात एकेक सूर इतका लांब ओढलेला असतो, की मागून येणारा त्याच सुरात येऊन मिसळतो. उशीर ऐकूच येत नाही. उलट हजारो आवाजांच्या त्या थोड्याथोड्या मागंपुढं होण्यानंच गाण्याला ती समुद्रासारखी गाज येते. आपल्याकडे मोठ्या मंडपात हजारो माणसं आरती म्हणतात तेव्हा ती घरच्यापेक्षा आपसूक विलंबित होते, त्याचंही मर्म हेच असावं.

दुसरं कारण चालीच्या घडणीत. या गाण्यात धृपद फिरून फिरून येत नाही. खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखं सुरू होतं आणि पायरी पायरीनं चढत जातं. शीर्षकाचे शब्द सगळ्यात शेवटी, सम गाठावी तसे येतात. ज्याला मधल्या ओळी येत नाहीत, तोही त्या समेवर सगळ्यांबरोबर पोहोचतो. पहिल्यांदाच आलेलं दहा वर्षांचं पोर बापाच्या खांद्यावर बसून एवढं म्हणू शकतं.

आणि तिसरं, माझ्या मते खरं कारण: हे गाणं हरतानाही म्हणता येतं. फुटबॉलची बहुतेक गाणी जिंकणाऱ्यांची असतात. समोरच्याला खिजवणारी, आपली बढाई मारणारी. दोन गोल खाल्ल्यावर ती घशातून निघत नाहीत. हे गाणं मुळात एका मृत्यूनंतरचं. वादळ, अंधार, वारापाऊस, आणि त्यातून चालत राहा असा धीर. ज्या गावाची पोटं गोदीवर आणि गोदीचं नशीब समुद्रावर, त्या गावाला वेगळं काय सांगायला हवं होतं?

मॅनेजर बिल शँकलीलाही हे कळलं होतं. स्कॉटलंडच्या कोळसा खाणींच्या खेड्यातून आलेला हा माणूस १९५९ च्या डिसेंबरात लिव्हरपूलमध्ये आला, तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत रखडत होता. खेळाडू टॉमी स्मिथच्या आठवणीप्रमाणे, तबकडी बाजारात यायच्या आधीच, १९६३ च्या उन्हाळ्यात बसच्या प्रवासात मार्सडेननं ती शँकलीच्या हाती दिली आणि तो ऐकून भारावून गेला. १९६५ मध्ये एफए कप फायनलच्या तोंडावर रेडिओवर आपली आवडती आठ गाणी निवडताना त्यानं शेवटचं म्हणून हेच सांगितलं. १ मे १९६५ ला वेम्बलीवर लिव्हरपूलनं लीड्सला जादा वेळेत २-१ असं हरवून आपला पहिलावहिला एफए कप जिंकला. बचावपटू जेरी बर्नचं गळ्याजवळचं हाड खेळ सुरू झाल्यावर काही मिनिटांतच मोडलं. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती. तो दोन तास तसाच खेळला. त्या दिवशी वेम्बलीवर हे गाणं घुमलं आणि टीव्हीवरून देशाला ठाऊक झालं, की हे लिव्हरपूलचं. शँकली गेल्यानंतर १९८२ मध्ये त्याच्या स्मरणार्थ मैदानाला लोखंडी फाटक बसवलं, त्याच्या कमानीवर हेच चार शब्द आहेत.

हरतानाचं गाणं हे मी ऐकीव सांगत नाही. २५ मे २००५ ची युरोपियन कपची फायनल इस्तंबूलला होती, आपल्याकडे ती मध्यरात्री सव्वाबाराला सुरू झाली. घरची सगळी झोपलेली. टीव्हीचा आवाज मी इतका कमी ठेवला होता, की समालोचन जेमतेम कळावं. मिलाननं पहिल्याच मिनिटात गोल केला, मध्यंतरापर्यंत ३-०. बंद करून झोपावं म्हणून उठलो. तेवढ्यात त्या बारीक केलेल्या आवाजातूनही खालून काहीतरी भरून यायला लागलं. आधी वाटलं, टीव्हीच घरघरतोय. मग चाल ओळखू आली. तीन गोल खाल्लेली, हजारो मैल प्रवास करून आलेली माणसं मफलर डोक्यावर ताणून गात होती. मी तसाच उभ्यानं ऐकत राहिलो. दुसऱ्या अर्ध्यात सहा मिनिटांत तीन गोल फिटले आणि लिव्हरपूल पेनल्टींवर जिंकलं, हे साऱ्या जगाला माहीत आहे. गाण्यामुळं गोल झाले असं मी म्हणणार नाही. पण ते गात होते तेव्हा गोल झालेले नव्हते, एवढं मी स्वतः ऐकलं आहे.

*

१९८५ चा मे महिना इंग्लिश फुटबॉलचा सगळ्यात काळा महिना. ११ तारखेला ब्रॅडफर्डच्या मैदानावर लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसं गेली. त्यांच्या कुटुंबांसाठी निधी उभारायला मार्सडेननं अनेक गायक जमवून हेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं आणि तेही पहिल्या क्रमांकावर गेलं. २९ तारखेला ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर युरोपियन कपच्या फायनलआधी लिव्हरपूलचे काही समर्थक युव्हेंटसच्या प्रेक्षकांवर धावून गेले, भिंत कोसळली, ३९ माणसं मेली, बहुतेक इटालियन. लिव्हरपूलवर आणि गाण्यावर माया असणाऱ्या माणसानंही ही गोष्ट गाळता कामा नये.

मग १५ एप्रिल १९८९. शेफील्डचं हिल्सबरो मैदान, एफए कपची उपांत्य फेरी, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना दिलेल्या बाजूला फाटकं अपुरी होती आणि बाहेर चेंगराचेंगरी होऊ लागली. पोलिसांनी बाहेर जायचं एक मोठं फाटक उघडलं. लोंढा समोरच्या बोगद्यातून सरळ मधल्या कोंडवाड्यांत शिरला, जे आधीच तुडुंब भरलेले होते. कडेचे कोंडवाडे तुलनेनं मोकळे होते, पण तिकडे कुणी वळवलं नाही. पुढं मैदानाशी उंच जाळी. तीन वाजता खेळ सुरू झाला, सहा मिनिटांनी थांबवला. तोवर जाळीला चिकटून माणसं उभ्या उभ्या गुदमरत होती. त्या दिवशी ९४ गेले. नंतरच्या जखमा धरून आकडा ९७ वर पोहोचला, त्यातलं शेवटचं माणूस ३२ वर्षांनी गेलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. लिव्हरपूलच्या कॅथलिक कॅथेड्रलमध्ये प्रार्थनासभेला माणसं आत मावेनात. तिथं समूहगायनातला एकच मुलगा उभा राहिला आणि त्यानं एकट्यानं हे गाणं म्हटलं. २६ वर्षं हजारोंच्या आवाजात ऐकलेलं गाणं त्या दिवशी त्या शहरानं एका कोवळ्या गळ्यातून ऐकलं. त्याच आठवड्यात मिलानमध्ये एसी मिलान आणि रेआल माद्रिदचा सामना होता. खेळ सुरू झाल्यावर थोड्याच मिनिटांत पंचांनी तो थांबवला, आणि मिलानच्या प्रेक्षकांनी हेच गाणं म्हटलं. इंग्रजी न येणाऱ्या हजारो इटालियन लोकांनी. हेझेलला चारच वर्षं झाली होती. २० मे ला वेम्बलीवर एफए कपची फायनल होती लिव्हरपूल आणि त्याच गावच्या एव्हर्टनमध्ये. मार्सडेन मैदानाच्या मधोमध उभा राहिला, आणि लाल-निळी दोन्ही वस्त्रं ल्यालेलं सगळं शहर त्याच्यामागं गायलं.

पुढचा काळ गाण्याचा कमी आणि खेट्यांचा जास्त. पोलिसांनी दोष प्रेक्षकांच्या दारूवर ढकलला. ‘द सन’नं १९ एप्रिलला पहिल्या पानावर मृतांचे खिसे प्रेक्षकांनीच कापल्याची खोटी बातमी छापली, आणि लिव्हरपूलमध्ये ते वृत्तपत्र आजही बहुतेक लोक हातात धरत नाहीत. १९९१ मध्ये चौकशीनं अपघाती मृत्यू असा निकाल दिला. आया, बाप, बहिणी, भाऊ त्या निकालाविरुद्ध वर्षानुवर्षं दारं ठोठावत राहिले. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीनं पोलिसांनी जबाब बदलल्याचं उघड केलं. फेरचौकशी झाली. २६ एप्रिल २०१६ ला वॉरिंग्टनच्या न्यायासनासमोर ज्यूरीनं सांगितलं, की हे मृत्यू बेकायदा कृत्यानं घडले आणि प्रेक्षकांचा त्यात काही दोष नव्हता.

निकाल ऐकून कुटुंबं इमारतीच्या बाहेर आली. बहुतेक जण साठी-सत्तरीचे. २७ वर्षांत केस पांढरे झालेले. कोणाच्या गळ्यात लाल मफलर, कोणाच्या हातात फोटो. रस्त्यावर एकमेकांना धरून उभे राहिले आणि गायले. तिथं लाऊडस्पीकर नव्हता, वाद्य नव्हतं, पट्टी धरायलाही कोणी नव्हतं. सूर काही जणांचे फुटत होते, काही जणांना पुढचे शब्द म्हणवत नव्हते. तेवढे शब्द शेजारच्यानं म्हटले.

*

गाणं इतर मैदानांवरही गेलं. ग्लासगोच्या सेल्टिककडे, रॉटरडॅमच्या फेयेनूर्डकडे, टोकियोत, आणि नव्वदीच्या दशकात जर्मनीतल्या डॉर्टमुंडकडे. मुंबई-पुण्यातही लिव्हरपूलवेडी पोरं उत्तररात्री पडद्यासमोर जमून ते म्हणतात. मालकीवरून वाद घालणारे घालतात, मला त्यात रस नाही.

२०२० मध्ये करोनामुळे मैदानं बंद झाली तेव्हा हे गाणं इस्पितळांकडे वळलं. मार्चमध्ये युरोपभरच्या रेडिओ केंद्रांनी ते एकाच वेळी वाजवलं. एप्रिलमध्ये ९९ वर्षांचे माजी सैनिक कॅप्टन टॉम मूर गायक मायकल बॉलबरोबर ते गायले. आपल्या अंगणात चाकांच्या आधारानं फेऱ्या घालून त्यांनी आरोग्यसेवेसाठी सव्वातीन कोटी पौंडांच्या आसपास निधी जमवला होता. शंभरी पुरी व्हायच्या आत ते यादीत पहिले आले. दुसऱ्या महायुद्धात हेच टॉम मूर बोटीनं मुंबईला उतरून आगगाडीनं पुण्याला आणि तिथून खडकीच्या छावणीत आले होते.

त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलनं तीस वर्षांनी लीग जिंकली. २२ जुलैला करंडक हातात आला तो रिकाम्या कॉपवर उभारलेल्या मंचावर. पायऱ्यांच्या जागी आता खुर्च्या होत्या. हिल्सबरोनंतर उभ्या प्रेक्षकांचे स्टँड बंद झाले आणि जुना कॉप १९९४ मध्येच पाडला गेला होता. ६ डिसेंबरला पहिल्यांदा दोन हजार माणसांना आत सोडलं. ५४ हजारांच्या मैदानात दोन हजार, मधल्या खुर्च्या मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या. तेवढे गायले.

मार्सडेन त्यानंतर चार आठवड्यांनी, ३ जानेवारी २०२१ ला वारला. तेव्हा दारं पुन्हा बंद झालेली होती.

ऑगस्टमध्ये मैदान भरलं. सामन्याआधी लावली गेली ती १९६३ चीच तबकडी, विशीतल्या पोराचा आवाज, मागं मार्टिनची व्हायोलिनं. माणसांनी मफलर दोन्ही हातांनी ताणून डोक्यावर धरले. गाणं मध्यावर आलं, तसा नेहमीप्रमाणे स्पीकरचा आवाज उतरत गेला, व्हायोलिनं विरली, मार्सडेनही विरला. पुढचं लोकांनी म्हटलं.